वाकड्या घशाची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पन्हळ आहे. जरा मान वर करा, म्हणजे दिसेन. तुम्ही ज्या चर्चच्या दारात उभे राहून एकमेकांचे फोटो काढत आहात, त्याच्या छपराच्या कठड्यातून एक दगडी मान बाहेर आली आहे. नाक वर चढवलेले, डोळे बारीक केलेले आणि ओठ असे, की नुकतेच काहीतरी नासके तोंडात गेले असावे. तीच मी. छपरावर पडलेले पाणी कडेच्या दगडी नालीत जमते, नालीतून माझ्या घशात शिरते आणि माझ्या तोंडातून भिंतीपासून लांब खाली पडते. या बाजूला हे काम करणारी मी एकटीच आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर मी ओकते. पिढ्यानपिढ्या ओकते आहे, आणि काय काय ओकते ते ऐकलेत तर हातातला खाऊ खाली ठेवाल.

कुजलेल्या पानांचा लगदा. कबुतरांची घाण. शेवाळ, किडे, पिसे. एकदा एका कावळ्याने माशाचे डोके आणून माझ्या घशात ठेवले आणि विसरून गेला. पाऊस येईपर्यंत मी ते वागवले. तुमच्या तोंडात नको असलेला घास आला तर तुम्ही तो कोपऱ्यात जाऊन थुंकता. मला ती मुभा नाही.

माझे तोंड असे का, याचीही एक गोष्ट आहे. हे चर्च बांधायला घेतले तेव्हा मला घडवायचे काम एका पाथरवटाकडे आले. हाताने कसबी, जिभेने फटकळ असा तो माणूस. मुकादमाने त्याला सांगितले, "असा काहीतरी भयंकर प्राणी कर, की बघणाऱ्याने दचकलं पाहिजे." पाथरवटाने भयंकर प्राणी कधी पाहिला नव्हता. पण तो सासुरवाडीला राहत होता. रोज संध्याकाळी भुवयांपर्यंत धूळ माखून तो घरी जायचा आणि सासू उंबरठ्यात उभी राहून नाक वर करायची. "आधी अंग धुवा, मग आत या." बिचाऱ्याने दुसरे तोंड शोधलेच नाही. चर्च उघडले त्या दिवशी सगळा गाव माना वर करून मला बघत होता. ज्यांना कळायचे त्यांना कळले आणि ते खोकल्याचे निमित्त करून हसले. सासूबाई मात्र पदर सावरत म्हणाल्या, "काय बाई घाणेरडं तोंड आहे. कुणाचं असेल?"

आता गाईड लोकांना सांगतो, की मी दुष्ट शक्तींना पळवून लावणारा राक्षस आहे. रोज सांगतो, हातातल्या काठीने दाखवून सांगतो. त्या सासूबाईंना राक्षस म्हणायची पाथरवटाचीसुद्धा छाती झाली नसती.

माझ्या घडणीत एक खोट राहिली. घसा कोरता कोरता दगडाच्या मधोमध एक काळी, टणक गाठ लागली. छिन्न्या बोथट झाल्या, पण गाठ फुटेना. मग पाथरवटाने तिला वळसा घातला. त्यामुळे माझा घसा सरळ नाही. माणसाचा हात कोपरात वळावा तसा तो आतून डावीकडे वळतो. मुकादम ओरडला, तर पाथरवट म्हणाला, "पाण्याला वळायला काय होतंय?" पाण्याला काही होत नाही, हे खरे. पण घाण त्या वळणावर येऊन बसते. काठी घातली तर ती गाठीवर आपटते. तार घातली तर ती भलतीकडेच वळते. तिथे फक्त माणसाचा हात पोहोचतो. तोही उजवा, तोही सडपातळ, उघडा, मागच्या, नालीकडच्या भोकातून खांद्यापर्यंत आत घातलेला.

म्हणून या चर्चमध्ये पहिल्यापासून एक रीत होती. मनोऱ्याच्या भिंतीला लागून दोन खोल्या आहेत. जे घर दर वर्षी पावसाळ्याआधी वर येऊन माझा घसा साफ करील, त्या घराने त्या खोल्यांत राहायचे. ज्याचा हात घशात, त्याचे बिऱ्हाड खोल्यांत. कागदावर कुठे लिहिलेले नव्हते, पण कोणी मोडलेही नव्हते.

पूर्वी इथे लोक प्रार्थनेला यायचे आणि खाली मान घालून जायचे. आता बघायला येतात. त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण बघण्यासारखे पुष्कळ आहे. आत टोकदार कमानी आहेत. छताच्या दगडी फासळ्या उपड्या घातलेल्या होडीसारख्या वर जाऊन एकमेकींना भेटतात. सकाळी रंगीत काचांतून ऊन आले, की फरशीवर लाल-निळे तुकडे सांडतात. तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी घालायचे दगडी कुंड आहे. त्याची कड इतक्या आईबापांच्या हातांनी गुळगुळीत केली आहे, की नवा दगड तसा घासून होणार नाही. बाहेरून भिंतींना जाडजूड टेकू दिले आहेत, म्हणून ते अवजड छप्पर अजून जागेवर आहे. हे सगळे मला गाईडमुळे तोंडपाठ झाले.

पण तुमची पाठ वळली, की मला काय दिसते ते गाईड सांगत नाही. भिंतीला आधार द्यायला ज्या टेकूंनी जन्म घालवला, त्यांच्या आडोशाला जाऊन मोठमोठी माणसे लघवी करतात. कपडे चांगले, चष्मे चांगले, आणि उभी कुठे, तर त्या कोपऱ्यात. कोणी किल्लीच्या टोकाने मऊ दगडावर आपले नाव कोरतो, शेजारी तिचे कोरतो, मध्ये बदाम काढतो. पुढल्या वर्षी दुसरीचे नाव कोरायला येतो. संताची मूर्ती ज्या कोनाड्यातून पडली, त्या कोनाड्यात रिकाम्या बाटल्या ठेवतात. आणि च्युइंगम. मित्रांनो, त्या चघळलेल्या गोळ्याबद्दल बोलायला लागले तर मला पाऊस नसतानाही ओकारी येईल. थुंकीने भिजलेला, दातांच्या खुणा असलेला गोळा काढायचा, कमानीच्या दगडाला चिकटवायचा आणि मग त्याच कमानीकडे बघत म्हणायचे, "काय सुंदर काम आहे, नाही?" बरे झाले, पाथरवटाने माझे तोंड आधीच तसे करून ठेवले.

या सगळ्यांत एकच माणूस असे होते, की ज्याची मला किळस आली नाही. त्या किल्लीकाकू. कमरेला चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लीकाकू. आधी त्यांचे यजमान माझा घसा साफ करायचे. ते गेल्यावर काकू वर यायला लागल्या. मनोऱ्याच्या अरुंद जिन्यातून बादली आपटत यायच्या, नालीत गुडघे टेकायच्या, बाही खांद्यापर्यंत चढवायच्या आणि आजारी मुलाला औषध पाजावे तशा म्हणायच्या, "चल गं, आ कर."

मग तो हात यायचा. वळणापाशी थांबायचा, कोपर वळायचे, बोटे गाठीच्या मागे जायची आणि सगळा चिखल ओढून बाहेर आणायची. फच्चकन बादलीत. पुन्हा हात आत. एकदाही त्यांनी नाक मुरडले नाही. उलट हाताला काय लागले ते बघून म्हणायच्या, "यंदा कबुतरं फार झालीत." त्यांच्या हातावर माझी घाण बघून मलाच मळमळायचे. त्या मात्र तोच हात नालीतल्या पाण्यात खंगाळायच्या आणि माझ्या डोक्यावर थाप मारून खाली जायच्या. दिवसा हजार लोक माझ्याकडे बघतात, पण हात लावणारे ते एकच माणूस होते.

काकूंच्या मुलाचे लग्न झाले आणि खोल्यांत सून आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर मऊ कापडाने भिंगे पुसायची, भिंगावर बोटाचा ठसा उठला तर पुन्हा पुसायची. घरीही तेच. धुतलेला पेला ती वापरण्याआधी परत धुवायची. मुलगा चेष्टेने म्हणायचा, "ही साबणालासुद्धा साबण लावते." माणूस म्हणून गोड होती. सासू-सुनेचे भांडण मी कधी ऐकले नाही, आणि जिन्याची खिडकी माझ्या कानाशीच आहे, भांडण झाले असते तर चुकले नसते.

एका वर्षी काकूंनी तिला काम दाखवायला वर आणले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली. काकूंचा हात माझ्या घशातून बाहेर आला, त्याला काळा लगदा लोंबत होता आणि लगद्यात काहीतरी वळवळत होते. सुनेने तोंडावर रुमाल दाबला आणि ती भिंतीला धरून तशीच खाली गेली. त्या दिवशी तिने अन्नाला हात लावला नाही.

"आई, मला नाही जमणार," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "दुसरं काहीही सांगा. सगळं चर्च झाडते, बाकं पुसते. ते नको."

"खोल्या त्याच्यावरच आहेत गं," काकू म्हणाल्या. "पण राहू दे. माझा हात आहे तोवर आहे."

तो हात फार दिवस राहिला नाही. पुढच्या वर्षी नालीतल्या शेवाळावरून काकूंचा पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळले, पण हात खांद्याच्या वर जाईना. डावा हात माझ्या वळणात वळत नाही. मुलगा वर आला. मालाच्या गाड्या चालवून त्याचे दंड असे झालेले, की त्याचा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. काढायला साबण लावावा लागला. सून जिन्यातून साबण देत होती आणि दुसरीकडे बघत होती.

आता या गोष्टीत अध्यक्ष येतात. ते चर्चच्या समितीचे अध्यक्ष. कामाला वाघ, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. छपराबद्दल त्यांची पुष्कळ मते होती, छपरावर मात्र ते कधी आले नाहीत, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. बघायला येणाऱ्या मंडळींच्या कपड्यांवर माझ्या तोंडातून घाणेरडे पाणी उडते, याची त्यांना फार लाज वाटायची. एके दिवशी ते फादरना घेऊन काकूंच्या दारात आले.

"काकू, तुमची काळजी मिटली," ते म्हणाले. "मागच्या भोकावर बारीक जाळी बसवतोय. कचरा आत जाणारच नाही. हात घालायचा प्रश्नच संपला."

सुनेने क्रूसाची खूण करायला कपाळाला हात लावून डोळे मिटले. "देव पावला," ती म्हणाली. काकूही हसल्या. त्यांनाही ते पटले होते. मला विचाराल तर मलाही पटले होते.

"आणि हात घालायचं काम नाही," अध्यक्ष पुढे म्हणाले, "म्हटल्यावर या खोल्याही मोकळ्या करता येतील. पावसाळा संपेपर्यंत घाई नाही. इथे आपण येणाऱ्यांसाठी चहाची छान सोय करू."

सुनेचा हात कपाळावरच राहिला. काकूंनी फादरकडे बघितले. फादर भला माणूस, पण वाद म्हटला की त्यांना आपली छत्री कुठे ठेवली ते आठवायचे. "बघू, बघू," ते म्हणाले आणि छत्री शोधायला लागले.

ते गेल्यावर सून बराच वेळ भांडी घासत होती. "माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. काकू म्हणाल्या, "तुझ्यामुळे कशाला? जाळीमुळे." पण आवाज नेहमीचा नव्हता. ज्या भिंतीला टेकून यजमान शेवटचे बसले होते, तिच्यावर त्या हात फिरवत होत्या.

जाळी बसली. गवंड्याने ती चारी बाजूंनी सिमेंट लावून अशी पक्की केली, की मुंगीनेही विचार करावा. आणि मित्रांनो, आता ऐका रोगापेक्षा औषध कसे भयंकर असते ते. मागचे भोक बंद केले, पण माझे पुढचे तोंड सताड उघडेच होते. कबुतरांना आणखी काय हवे? मागून वारा नाही, मागून हात येत नाही, वळणावर कोरडी, ऊबदार जागा. आयत्या बिळावर नागोबा व्हायला एक जोडपे आले. त्यांनी काटक्या आणल्या, दोऱ्याचे तुकडे आणले, कुठल्यातरी बाटलीचे सोललेले प्लॅस्टिक आणले. माझ्या घशात त्यांनी संसार थाटला. तिथेच खाल्ले, तिथेच घाण केली, तिथेच अंडी घातली. काही फुटली, काही नासली. एक पिल्लू मेले आणि आईबाप त्याच्यावरच बसून दुसऱ्या अंड्यांना ऊब देत राहिले. मी दगड आहे म्हणून टिकले. मागच्या बाजूला जाळीवर पाने येऊन बसायला लागली. आधी एक थर, मग त्याच्यावर दुसरा. वाऱ्याने उडून जातील असे अध्यक्षांनी सांगितले होते. पानांना ते कळले नसावे.

मग तो रविवार आला. प्रार्थना आटोपली होती आणि जुनी चर्च बघत हिंडणाऱ्या मंडळींचा एक मोठा गट येणार होता. अध्यक्ष नवा कोट घालून आले. गट आला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस आला, असा की समोरचा रस्ता दिसेना. मंडळी दाराच्या कमानीखाली दाटीवाटीने उभी राहिली. गाईडने राक्षसाची गोष्ट सांगितली. मग अध्यक्ष छत्री उघडून बरोबर माझ्या खाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर बोट केले.

"हे बघा," ते मोठ्याने म्हणाले. "पूर्वी इथे उभं राहायची सोय नव्हती. अंगावर घाण पडायची. आता एवढा पाऊस कोसळतोय, आणि एक थेंब तरी पडतोय का?"

मंडळींनी माना वर केल्या. खरेच एक थेंब पडत नव्हता. कोणीतरी "वा" म्हटले. दोघातिघांनी माझा कोरडा फोटो काढला. मित्रांनो, भर पावसात पन्हळ कोरडी आहे, याचे इतक्या शिकलेल्या माणसांनी कौतुक केले. पाणी कुठे गेले, हे एकानेही विचारले नाही.

पाणी नालीतच होते. ते चढत चढत कठड्याच्या आतल्या फटीपर्यंत आले आणि भिंतीत शिरले. आत छताच्या फासळ्यांवरून थेंब ओघळायला लागले. दगडी कुंडात टपटप सुरू झाली. आणि मनोऱ्याच्या भिंतीतून पाणी खाली, काकूंच्या खोलीत गेले. चुन्याचा गिलावा फुगला आणि त्याची खपली त्यांच्या अंथरुणावर पडली.

काकू उठल्या. त्यांनी डाव्या हाताने बादली उचलली आणि त्या जिन्याकडे निघाल्या. मला खिडकीतून सगळे ऐकू येत होते.

"आई, कुठे निघालात?"

"वर."

"एका हाताने?"

"डावा आहे ना."

"डावा वळत नाही. तुम्हीच सांगता."

"मग काय करू? भिंत डोक्यावर घेऊन झोपू?" काकू ओरडल्या. त्यांना मी कधी ओरडताना ऐकले नव्हते. "जायचं तर जाऊ इथून. पण घर भिजवून नाही जायचं मला."

बादलीची कडी खणकली.

"बादली द्या इकडे," सून म्हणाली.

ती वर आली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याला लागत होते. तिने स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घातले होते आणि कमरेला हातोडी खोचली होती. मागोमाग काकू भिंत धरून आल्या. सुनेने आधी जाळीवरचा पानांचा गठ्ठा उपसला. मग जाळीच्या कडेला हातोडी मारायला सुरुवात केली. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारा तो हात, पण असा चालत होता, की सिमेंटच्या कपच्या उडाल्या. जाळी निघाली. तरी पाणी जाईना. घशात संसार होता.

"अंगठी काढ," काकू म्हणाल्या. "नाहीतर आतच राहील."

तिने मोजा काढून अंगठी दिली, मोजा परत चढवला आणि हात माझ्या घशात घातला. वळणापाशी मोजा एका काटकीत अडकला. तिने ओढले, तर हात बाहेर आला आणि मोजा आतच राहिला. ती आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिली. नखे कापलेली, बोटे पांढरीशुभ्र. मला तिची कीव आली, आणि मी तिला दोष दिला नसता. मला जर पाय असते, तर माझ्या घशापासून मीच पळून गेले असते.

"आई, मला होणार नाही."

"नाही झालं तर नाही झालं," काकू म्हणाल्या. "मी मागे आहे."

सुनेने डोळे मिटले, नाक वर चढवले, ओठ वाकडे केले आणि हात पुन्हा आत घातला. खांद्यापर्यंत. तिचा गाल माझ्या मानेला टेकला.

"कोपर डावीकडे वळव. लागली गाठ?"

"लागली. मऊ काहीतरी आहे. पिसं आहेत. शी, आई, फुटलं काहीतरी हातात."

"धर आणि ओढ."

तिने ओढले. काटक्या, दोरे, पिसे, तिचा तो मोजा आणि सडलेले पिल्लू, सगळे एकदम हलले. निम्मे तिच्या हातात आले. उरलेल्याला नालीतल्या पाण्याने मागून धक्का दिला.

मी ओकले, मित्रांनो. आयुष्यात ओकले नव्हते अशी ओकले. तुंबलेले सगळे पाणी घेऊन, नासक्या अंड्यांसकट, पिसांसकट. खाली अध्यक्ष अजून बोलत होते. छत्री उलटी झाली. नव्या कोटाच्या कॉलरमध्ये काय गेले ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवणार असाल. आणि त्याच वेळी सुनेने कठड्यावर वाकून मान बाहेर काढली, बरोबर माझ्या शेजारी, आणि तीही ओकली. आम्ही दोघी शेजारी शेजारी, तोंडे अगदी सारखी, खालच्या जगावर ओकत होतो. इतक्या वर्षांत माझ्या बरोबरीला कोणी आले नव्हते.

खाली आरडाओरडा झाला. गटातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई कमानीबाहेर आल्या. त्या पावसात भिजत वर बघत राहिल्या. माझ्या तोंडातून आता स्वच्छ, जाड धार पडत होती, भिंतीपासून लांब, पाथरवटाने ठरवली होती तिथेच.

"वर ती मुलगी कोण आहे?" त्यांनी विचारले.

अध्यक्ष रुमालाने तोंड पुसत होते. त्यांनी बोलायला तोंड उघडले, पण वास आला म्हणून लगेच मिटले. कमानीखाली उभ्या फादरनी त्या दिवशी छत्री आणलीच नव्हती, त्यामुळे शोधायलाही काही नव्हते.

"आमच्या चर्चची राखणदार," फादर म्हणाले. "या मनोऱ्याशेजारच्या खोल्यांत राहते. पुढेही तिथेच राहील."

ते इतके स्पष्ट बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. वर काकूंनी ते ऐकले आणि सुनेच्या पाठीवरून डावा हात फिरवला. सुनेने ऐकले की नाही, कोण जाणे. तिचे ओकणे अजून संपले नव्हते.

चहाची सोय आता फाटकापाशी झाली आहे. तुम्ही आत्ता तिथूनच आलात. अध्यक्ष अजून अध्यक्ष आहेत, पण माझ्या खाली उभे राहत नाहीत. सून दर वर्षी पावसाळ्याआधी वर येते. तिला सवय झाली असे सांगितले तर ते खोटे होईल. हात आत घालताना तिचे तोंड दर वर्षी तसेच होते आणि काकू पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसतात. एकदा काकू तिला म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तू जास्त वेळ लावतेस गं."

"तुम्हाला घाण वाटायची नाही, म्हणून तुम्ही थोडी आत ठेवायचात," सून म्हणाली. "मला सहन होत नाही. मी सगळी काढते."

ते खरे आहे. माझा घसा इतका मोकळा कधीच नव्हता.

तेव्हा मित्रांनो, जुनी चर्च बघायला जरूर या. कमानी बघा, काचा बघा, कुंडाच्या कडेवरून हात फिरवा. पण इतकी वर्षे हे सगळे कोरडे कसे राहिले, असाही एकदा विचार करा आणि वर बघा. जे तुम्हाला आवडते, त्याच्या पोटात कुठेतरी घाण साचतेच, मग ते घर असो, शाळा असो, की गावची विहीर असो. ती बघून तोंड वाकडे झाले तर होऊ द्या. माझे आहे, सुनेचे होते, पाथरवटाच्या सासूचेही होते. तोंड वाकडे करून का होईना, हात आत घाला.

आणि तुम्ही, हो, निळा शर्ट. कमानीला टेकून तोंडातून जो गोळा आत्ता बाहेर काढलात, तो तिथे लावू नका. उद्या सकाळी तो नखाने खरवडायला तीच येणार आहे, आणि तेव्हा तिचे तोंड कसे होते ते मला इथून दिसते.